पिवळा बंपर: खेळणं खरं, कार्डही खरं, तरी जोडी तपासा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. जुन्या खेळण्यांच्या खोक्यात तुम्हाला मुठीत मावेल एवढी पिवळी गाडी सापडली आहे आणि तिचा रोबो होतो; तिचा फोटोही तुम्ही पाठवलाय. ट्रान्स्फॉर्मर्स या रोबोत बदलणाऱ्या खेळण्यांमधली बंबलबी म्हणावी तर फोक्सवॅगन बीटलसारखी गोल पाठ नाही, त्यातलाच क्लिफजंपर म्हणावा तर नाक बसकं नाही. त्यातच एक विक्रेता असाच पिवळा रोबो क्लिफजंपरच्या सीलबंद कार्डावर, म्हणजे खेळणं पारदर्शक प्लास्टिकच्या बबलमध्ये बंद करून चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर, देऊ करतोय आणि 'याहून दुर्मीळ मिनी ऑटोबॉट नाही' असं सांगतोय (ऑटोबॉट म्हणजे यातल्या चांगल्या पक्षाचे रोबो, मिनी म्हणजे त्यातले छोटे). हा रोबो कोण, तुमच्या हातातला खरा का, आणि कार्डावरचा घ्यावा का, हे तुम्हाला हवंय.

मी बावीस वर्षं ही छोटी ट्रान्स्फॉर्मर्स जमवतोय, दुरुस्त करतोय आणि दुसऱ्यांसाठी तपासून देतोय. या एका पिवळ्या गाडीवर मी जितका वेळ घालवलाय तितका ऑप्टिमस प्राइमवरही घालवलेला नाही.

त्याचं आजचं अधिकृत नाव बंपर. पण हे नाव त्याला फार उशिरा मिळालं. त्याआधी संग्राहक त्याला 'बंबलजंपर' म्हणायचे, कारण रोबो झाल्यावर तो थोडा बंबलबीसारखा आणि थोडा क्लिफजंपरसारखा दिसतो. दोन्ही नावांची मोट बांधून त्यांनी त्याचं बारसं केलं. 1984 मध्ये हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने अमेरिकेत ट्रान्स्फॉर्मर्स आणले तेव्हा मिनी ऑटोबॉट सहाच होते: ब्रॉन, बंबलबी, क्लिफजंपर, गिअर्स, हफर आणि विंडचार्जर. या यादीत सातवा कोणीच नव्हता. तरीही क्लिफजंपरच्या काही कार्डांवर, त्याच्याच नावाखाली, बबलमध्ये हा वेगळा पिवळा रोबो बंद होऊन दुकानात पोहोचला.

हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. ट्रान्स्फॉर्मर्सची पहिली खेळणी हॅस्ब्रोने मुळातून बनवलेली नव्हती. त्यांचे साचे जपानच्या टाकारा कंपनीचे, डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या दोन मालिकांमधले होते. डायाक्लोनमधले रोबो प्रचंड मोठे मानलेले आणि ते चालवायला आत छोटा चालक बसायचा. मायक्रो चेंजची कल्पना उलटी होती. तिथले रोबो खेळण्याएवढेच लहान आणि घरातल्या वस्तूंच्या रूपात लपलेले. कॅसेट प्लेअर, पिस्तूल, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक अशा वस्तू. पुढे ट्रान्स्फॉर्मर्समध्ये साउंडवेव्ह, मेगाट्रॉन, रिफ्लेक्टर आणि परसेप्टर झाले ते यातलेच. 1983 मध्ये याच मालिकेत 'मिनी कार रोबो' आले. त्यांचा आकार मुद्दाम आखूड आणि फुगीर, टाकाराच्याच चोरो-क्यू या छोट्या गाड्यांसारखा. म्हणजे मूळ गोष्टीत बंबलबी ही खरी फोक्सवॅगन नव्हतीच, ती मुलाच्या टेबलावरची खेळण्यातली फोक्सवॅगन होती! मला ही गोष्ट फार आवडते. बंबलबीचं ते गुबगुबीत रूप यातून आलंय, आणि हे माहीत असलं की त्याच्याकडे बघायची नजरच बदलते.

या मिनी कार रोबोंमध्ये तीन गाड्या सख्ख्या भावंडांसारख्या होत्या. फोक्सवॅगन बीटलची झाली बंबलबी. पोर्शे 924 टर्बोचा झाला क्लिफजंपर. तिसरी होती माझदा फॅमिलिया 1500 एक्सजी. तिला हॅस्ब्रोने ना नाव दिलं, ना कार्ड, ना स्वभाव. पण तिघी एकाच मालिकेतल्या, एकाच मापाच्या, जवळपास सारख्याच पद्धतीने बदलणाऱ्या. मालाच्या गठ्ठ्यातून फॅमिलिया उचलली गेली आणि पोर्शेच्या जागी बसली तर पॅकिंग करणाऱ्या हातांना फरक जाणवला नसावा, असं मला वाटतं. बबल तिला सहज सामावून घेतो, आणि क्लिफजंपर लाल तसा पिवळ्या रंगातही येत होता, त्यामुळे रंगावरूनही कोणी अडवलं नसणार.

फॅमिलियाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1980 ची ही गाडी जपानच्या 'कार ऑफ द इयर' पुरस्काराची पहिली मानकरी. जपानबाहेर बऱ्याच देशांत ती माझदा 323 म्हणून विकली जायची. टपावर सर्फिंगची फळी बांधून फिरणं ही त्या काळी तिथल्या तरुणांची फॅशन होती आणि त्यासाठी ही गाडी पसंतीची. टाकाराने पोर्शे आणि बीटलच्या पंगतीत तिला बसवलं ते उगाच नाही.

आता ओळख. चेहऱ्यावर जाऊ नका, गाडीच्या रूपात बघा. बीटलचे चारही मडगार्ड वेगळे फुगलेले असतात आणि पाठ घरंगळत खाली येते. पोर्शेचं नाक पुढे उतरतं आणि ती जमिनीला चिकटून असल्यासारखी वाटते. फॅमिलिया या दोघींपुढे अगदी सरळमार्गी: पुढचा भाग चौकोनी, टप सपाट, आणि मागची बाजू हॅचबॅकसारखी एका तिरक्या कापात संपलेली. तुमच्या फोटोतली गाडी याच आकाराची आहे. म्हणजे साचा फॅमिलियाचा, याबद्दल मला शंका नाही.

पण साचा फॅमिलियाचा असणं आणि खेळणं हॅस्ब्रोच्या कार्डातून निघालेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवळजवळ सगळे लोक इथेच फसतात. फॅमिलिया जपानमध्ये मायक्रो चेंज म्हणून रीतसर विकली गेली होती, एकाहून अधिक रंगांत. तिथे ती चूक नव्हती, मालिकेतली एक साधी गाडी होती. शिवाय त्या वर्षांत मिनी ऑटोबॉटच्या साच्यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर निघाल्या. त्यामुळे कार्डाविना सुटी मिळालेली पिवळी फॅमिलिया तीनपैकी काहीही असू शकते: हॅस्ब्रोच्या कार्डातून निघालेला बंपर, जपानी मायक्रो चेंज, किंवा नक्कल.

नक्कल वेगळी काढणं त्यातल्या त्यात सोपं. गाडी उलटी धरा, पाय आणि हात बाहेर ओढा आणि आतल्या पृष्ठभागांवर टाकाराचं नाव, वर्ष आणि जपान असा उठावाचा मजकूर शोधा. खऱ्या खेळण्यावर अक्षरं बारीक पण धारदार असतात. नकलेत खेळण्यावरूनच साचा काढलेला असतो, म्हणून अक्षरं साबणाच्या वडीवर झिजल्यासारखी बोथट दिसतात किंवा तो भाग खरवडून सपाट केलेला असतो. प्लास्टिकचं वजनही कळतं. ओढल्यावर पाय लटकता कामा नये, तो अडून अडून बाहेर यावा.

मायक्रो चेंज आणि हॅस्ब्रो यांत फरक करायचा तर हाताशी मुख्य पुरावा एकच, ऑटोबॉटचं लाल चिन्ह. जपानी मायक्रो चेंजवर ते नसतं, असायचं कारणच नाही. तेव्हा ऑटोबॉट ही कल्पनाच जन्मली नव्हती. पण ते चिन्ह म्हणजे स्टिकर, आणि जुन्या खेळण्यांसाठी नवे छापलेले स्टिकर सहज मिळतात. म्हणून स्टिकर आहे एवढ्यावर थांबू नका. दहापट भिंग घेऊन त्याची कड बघा. चाळीस वर्षांच्या स्टिकरच्या कडेला धुळीची एक बारीक काळी रेघ धरलेली असते, कोपरे किंचित उचललेले असतात आणि लाल रंगावर तडे असतात. नव्याची कड स्वच्छ आणि चपटी. एखाद्या स्टिकरखालचं प्लास्टिक आजूबाजूपेक्षा जरा ताज्या रंगाचं डोकावत असेल तर तो तिथे फार वर्षं आहे, ही चांगली खूण.

एवढं करूनही सुट्या बंपरबद्दल मी कोणालाही शंभर टक्के ग्वाही देत नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. सुटी पिवळी फॅमिलिया आवडली तर मायक्रो चेंजच्या मोलानेच घ्या. पुढे ती बंपर निघाली तर दुधात साखर.

मग दुर्मीळ काय आहे? दुर्मीळ आहे ते कार्ड आणि खेळण्याचं एकत्र असणं. क्लिफजंपरचं कार्ड दुर्मीळ नाही, फॅमिलिया अप्राप्य नाही. ती दोन्ही कारखान्यात चुकून एकमेकांना चिकटली आणि आजतागायत सुटली नाहीत, हा या वस्तूचा प्राण आहे. म्हणून विक्रेत्याच्या वस्तूत तपासायचा आहे तो त्या दोघांमधला जोड.

हे मी स्वतः भुर्दंड सोसून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी कार्डावरचा बंपर घेतला. फोटो उत्तम होते. कार्ड जरा दुमडलेलं, बबल वयाप्रमाणे पिवळट, आत पिवळी फॅमिलिया. हातात आल्यावर दोन दिवस मी आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उजेडात कार्ड धरलं आणि बबलच्या खालच्या डाव्या कडेला एक चमकदार पट्टी दिसली, केसाएवढी. तरी मन मानेना. मग भिंगातून चाकांकडे पाहिलं. या गाड्यांचे टायर रबराचे, त्यांना बारीक खाचा असतात. मागच्या टायरच्या खाचांत राखाडी मळ भरलेला होता. कोणीतरी ही गाडी फरशीवर मनसोक्त पळवली होती! सीलबंद खेळण्याच्या टायरला फरशीचा मळ लागणार कसा? पुढे उघडून पाहिलं तेव्हा स्टिकरखाली डिंकाचा ताजा वास आला. कार्ड 1984 चं, अस्सल. खेळणं टाकाराचं, अस्सल. फक्त त्यांची गाठ कारखान्यात नाही, कोणाच्यातरी टेबलावर मारली गेली होती. विक्रेत्याने पैसे परत द्यायला नकार दिला.

तेव्हापासून मी ज्या क्रमाने तपासतो तो तुम्हाला सांगतो. आधी बबलची कड. कारखान्यात बबलची चपटी किनार उष्णता आणि दाब देऊन कार्डावरच्या लेपाला चिकटवलेली असते. तिची पकड सगळीकडे सारखी, कोरडी आणि सपाट दिसते. हाताने लावलेला गोंद कुठेतरी जास्त होतो, किनारीबाहेर किंवा आतल्या बाजूला ओघळतो आणि तिरप्या उजेडात चमकतो. एकदा उघडलेल्या कार्डावर कागदाचे तंतू निघालेले असतात आणि छपाईचा वरचा थर सोललेला असतो. पुन्हा चिकटवताना ती जखम किनारीखाली लपवली जाते, पण पारदर्शक किनारीतून पांढुरका डाग दिसतोच.

मग कार्ड. हुबेहूब नवी कार्डं छापली जातात. भिंगाखाली जुन्या ऑफसेट छपाईत रंगाच्या ठिपक्यांची नीट जाळी, फुलांसारखी रचना दिसते. इंकजेट छपाईत ठिपके रांगोळी विस्कटल्यासारखे कसेही पसरलेले. अतिनील टॉर्चचा उपयोग आहे, पण एकट्या कार्डावर प्रकाश टाकून निष्कर्ष काढू नका. कागद उजळवणारी रसायनं त्या काळीही वापरात होती. त्याच वर्षाचं दुसरं मिनी ऑटोबॉट कार्ड शेजारी ठेवून दोन्हींची चकाकी ताडून बघा.

मग वर्ष. 1985 पासून ट्रान्स्फॉर्मर्सवर उष्णतेने बदलणारं चिन्ह आलं, बोट घासलं की रोबो ऑटोबॉट आहे की त्यांच्या शत्रुपक्षातला डिसेप्टिकॉन ते कळायचं. संग्राहक त्याला रब-साइन म्हणतात आणि त्याआधीच्या मालाला 'प्री-रब'. कार्डावर रब-साइनचा उल्लेख आहे आणि आतल्या गाडीवर ते नाही, किंवा उलट, असं दिसलं तर थांबा. कधीकधी जुना माल नव्या कार्डावर गेलेला असू शकतो, त्यामुळे ही खोटेपणाची खात्री नव्हे. मात्र अशा वस्तूच्या जोडाची दुप्पट बारकाईने छाननी करा.

शेवटी टायर. मी आता विक्रेत्याकडून सगळ्यात आधी टायरचाच फोटो मागतो.

वस्तू एएफएची, म्हणजे ॲक्शन फिगर ऑथॉरिटीने ग्रेड करून ॲक्रिलिकच्या पेटीत बंद केलेली असेल तर तिच्यावर शंभरपैकी गुण असतात, आणि कार्ड, बबल, खेळणं यांचे वेगळे गुणही. त्याने धीर येतो, पण पेटीबाहेरून डोळ्यांनी जेवढं दिसतं तेवढं तुम्हीही बघा. आणि गुण कमी असले म्हणून नाक मुरडू नका. बंपरच्या बाबतीत, दुमडलेल्या कार्डावरचा अखंड जोड मला गुळगुळीत कार्डावरच्या शंकास्पद जोडापेक्षा कितीतरी प्रिय आहे.

विक्रेते बंपरच्या नावाखाली आजूबाजूचं बरंच काही खपवतात, म्हणून त्यांचीही नोंद घ्या. लाल बंबलबी आणि पिवळा क्लिफजंपर हे व्हेरिएंट, म्हणजे त्याच खेळण्यांचे वेगळ्या रंगातले प्रकार, रीतसर विकले गेले होते. ते हवेहवेसे आहेत, पण बंपरच्या पंगतीत बसत नाहीत. 1986 चा हबकॅप पिवळा आहे आणि क्लिफजंपरच्या साच्यात फेरफार करून बनवलेला, त्यामुळे लोक त्याला पिवळा क्लिफजंपर समजतात. ब्राझीलच्या एस्ट्रेला आणि मेक्सिकोच्या इगा यांच्या परवानाधारक आवृत्त्यांत नेहमीपेक्षा वेगळे रंग सापडतात. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये. 1985 च्या काही मिनी ऑटोबॉट कार्डांत मिनी-स्पाय नावाची आणखी छोटी गाडी भेट म्हणून असायची: चार आकार, तीन रंग आणि रब-साइनखाली दोनपैकी एक बाजू, म्हणजे चोवीस प्रकार. कार्डावर ती जागच्या जागी असेल तर तीही जपून ठेवण्यासारखी.

बंबलबीच्या साच्याची पांढरी आवृत्ती दाखवून कोणी 'हाही चुकून निघालेला' म्हणाला तर विश्वास ठेवू नका. तो बग बाइट. टोंका कंपनीच्या गोबॉट्स या प्रतिस्पर्धी रोबो खेळण्यांमधल्या त्याच नावाच्या बीटलला दिलेली ती दाद होती, जपानमध्ये ई-हॉबी या ऑनलाइन दुकानाने 2004 च्या खास संचात काढलेली. गोबॉट्सची नावं हॅस्ब्रोकडे आली कारण 1991 मध्ये त्यांनी टोंका विकत घेतली. ते खेळणं सुंदर आहे, मुद्दाम ठरवून केलेलं आहे, आणि त्यात अपघात काही नाही. तसंच टाकारा टोमीच्या (टाकाराचंच पुढचं रूप) संग्राहकांसाठीच्या मास्टरपीस मालिकेतल्या 2014 च्या बंबलबीला पुढे लाल आवृत्ती मिळाली, ती 1984 च्या लाल बंबलबीची आठवण म्हणून.

या पात्रावर माझा इतका जीव का, असं मला विचारतात. ट्रान्स्फॉर्मर्समध्ये जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून स्वभाव मिळाला. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीचे बॉब बुडियान्स्की यांनी कार्डामागच्या त्या छोट्या ओळखी लिहिल्या, आणि क्लिफजंपर उतावळा, हफर घरच्या आठवणीने कुढणारा, गिअर्स सतत कुरकुर करणारा अशी माणसं उभी केली. बंपरच्या पाठीशी यातलं काही नव्हतं. पुढच्या काळात अधिकृत साहित्याने त्याला नाव दिलं, पण त्या वर्षी ज्या मुलाने ते कार्ड फाडलं असेल त्याच्या हातात एक अनोळखी रोबो आला, आणि मागचा मजकूर दुसऱ्याचाच होता. त्या मुलाने त्याला काय हाक मारली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तर आता तुमचं. विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: बबलच्या चारही कडा तिरप्या उजेडात, चिन्ह जवळून, आणि मागचे टायर. गाडी बबलमध्ये ज्या बाजूला झुकलीय त्याप्रमाणे एखादाच टायर दिसेल, तो चालेल. तिन्ही मिळाले तर ते नीट पाहा आणि मग ठरवा. 'कार्ड हाताळायचं नाही' म्हणून टायरचा फोटो नाकारला तर सोडून द्या. कार्ड न हलवता, नुसता मोबाइल वाकवून तो फोटो निघतो.

तुमच्या खोक्यातल्या गाडीसाठी मात्र घाई करू नका. ती पाण्यात बुडवू नका, स्टिकरवर काही चोळू नका, आणि रंग उजळायला हायड्रोजन पेरॉक्साइड तर अजिबात लावू नका. पिवळ्या प्लास्टिकवर त्याने फिकट ठिगळं पडतात. आधी उठावाच्या मजकुराचा आणि स्टिकरच्या कडेचा फोटो काढा. पाय बाहेर ओढताना अडकला तर जोर लावू नका. खोलीच्या उबेत तासभर ठेवा, मग दोन्ही पाय एकाच वेळी, सरळ रेषेत ओढा. एक एक करून ओढले की आतली खाच तिरकी होते आणि कडेचं प्लास्टिक पांढरं पडतं. एकदा तो पांढरा ताण आला की तो जात नाही.